यादीतल्या दोघी

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

मी दोन आहे!

सरकारनेच छापून दिलंय. मध्य प्रदेश फुटून नवं राज्य झाल्यापासून ज्या यादीसाठी सगळं ऑफिस जीव मुठीत धरून बसलं होतं, ती आज लागली. कोण इकडे राहणार, कोण मध्य प्रदेशात जाणार. व्हरांड्यात ही गर्दी! शेजारच्या टेबलाचा दयाराम उंच आहे, त्याने टाचा न उचलता वाचलं — "दीदी, आपका हो गया! मंजिरी यशवंत घाटोळे, रायपुर." सुटले, म्हटलं. घरी जाताना पेढे घ्यावेत असंही मनात आलं.

पण दयाराम कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतो. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "और ये कौन मैडम हैं? अपने ही सेक्शन में दिखा रहे. गोदावरी शालिग्राम वैरागड़े, भोपाल."

ती पण मीच.

१३ फेब्रुवारी

घरी सगळ्यांनी विचारलं. "रायपूर," एवढंच म्हणाले. खोटं नाही. निम्मं आहे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

इथे लिहायला हरकत नाही. पानावर मी अडखळत नाही. म्हणून तर रोज लिहिते!

डोंगरगडला रेल्वे क्वार्टरमध्ये शालिग्राम फिटरची एक पोट्टी होती. गोदू. काळीसावळी, तापट, डोक्यात सतत काहीतरी चाललेलं. पण तोंड उघडलं की पहिलंच अक्षर दारात अडकायचं. आणि सगळ्यात जास्त कुठे? स्वतःच्या नावात. "ग — ग — ग —" आणि पुढे गाडी हलायची नाही. शाळेत बाई म्हणायच्या, "नाव सांग, मगच बस." मी पूर्ण तास उभी असायचे. मधल्या सुट्टीत पोरं माझ्या मागे इंजिनासारखी ग-ग-ग करत धावायची. बाबा बरोबर असले की माझं नाव तेच सांगून टाकायचे. नोकरी मिळाली ती टायपिंगच्या परीक्षेवर. १९६४ साली. बोटांनी कधी दगा दिला नाही.

मग १९६६ ला लग्न. आमच्यात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने लिहिलं — मंजिरी. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. सरळ निघालं! मोठ्याने म्हणाले, तरी निघालं. सासूबाई, सत्यभामाबाई, कौतुकाने म्हणाल्या, "पोट्टी लाजाळू हाय, पण आवाज गोड हाय." त्या क्षणी ठरवलं. गोदू संपली. आता मंजिरी. कमी बोलणारी, गोड, शहाणी.

पस्तीस वर्षं झाली. एकाला पत्ता नाही. अडणारे शब्द मी आधीच ओळखते आणि वळसा घालते. 'गुरुवार' म्हणत नाही, 'बुधवारच्या दुसऱ्या दिवशी' म्हणते. फोन उचलत नाही. दुकानात वस्तूकडे बोट दाखवते. अगदीच अडलं तर खोकला आहे. गूळ मागायची मात्र कधी वेळ आली नाही, कारण यांना गुळाचं फार वेड. डबा अर्धा झाला की हेच घेऊन येतात. गवारही आणतात दर आठवड्याला, घरात एक माणूस खात नाही तरी.

बाबांनी लग्नात दिलेली पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. तिच्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने माझं नाव घातलं होतं. ती बाजू भिंतीकडे करून ठेवली आहे. दर दिवाळीला साफसफाईत कोणीतरी फिरवतं, मी परत भिंतीकडे करते.

ऑफिसच्या कागदांत मात्र तसं करता आलं नाही. निम्मे कागद तिच्या नावाचे, निम्मे माझ्या नावाचे. मी रायपूरसाठी विकल्प भरला. तिने भरलाच नाही, म्हणून तिला भोपाळ!

२२ फेब्रुवारी, बुधवारच्या दुसऱ्या दिवशी

आमचं ऑफिस मंत्रालयात, आणि हे मंत्रालय म्हणजे पूर्वीचं इस्पितळ. माझं टेबल आहे तिथे बायकांचा वॉर्ड होता. भिंतीला पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात वॉश बेसिन, आणि माझ्या डोक्यावर भिंतीवर अजून पुसट आकडा — १४. फाइल उघडी ठेवून दुपारी डोळा लागतो तेव्हा मी चौदा नंबरच्या खाटेवर असते. खिडकीतून पळसाचा लाल उजेड येतो. कोणी काही विचारत नाही.

आज तिथून गोदू दिसली. भोपाळला पोचली आहे. तळ्याकाठी एका घराच्या वरच्या मजल्यावर तिची खोली, बाहेरून लोखंडी जिना. एकटीच. खाली दूधवाला उभा, आणि ही जिन्यावरून त्याच्याशी भांडते आहे, "ग — ग — गेल्या महिन्यात पाणी किती घातलंस?" दूधवाला बिचारा वाक्य संपायची वाट बघत उभा. तिला घाई नाही! केस मोकळे. पाठीमागे पाणी चमकतंय.

जाग आली तेव्हा दयाराम चहा घेऊन उभा होता. मला तिचा राग आला. हेवा वाटला, असं लिहायला हवं खरं तर.

२ मार्च, शुक्रवार

नोटीस आली. २६ मार्चला समितीसमोर स्वतः हजर राहायचं, आणि एक नाव दोनदा कसं आलं ते तोंडी सांगायचं. तोंडी!

दयारामला सांगावंच लागलं. दोन्ही मीच, एवढंच, बाकीचं नाही. त्याने पान चघळत विचार केला. मग हळूच म्हणाला, "दीदी, बिल्कुल आसान है. लिख के दे दो कि गोदावरी ६६ में नौकरी छोड़ के चली गई. वो अलग, आप अलग. दो साल की सीनियारिटी जाएगी, जाने दो. आप रायपुर में रहोगी. और सच बोलोगी तो सर्विस बुक गोदावरी की है, वही चलेगी. सीधा भोपाल."

मी म्हणाले, बघते.

रिक्षात घरी येताना सगळा वेळ मनात मसुदा तयार होत होता. 'उक्त महिला कहाँ है, मुझे ज्ञात नहीं.' इतका सोपा! रिटायर व्हायला तीन वर्षं उरली. नवरा इथे, मुलगा इथे, नात इथे. एका ओळीत गोदू जाते. कायमची.

८ मार्च

मसुदा टाइप केला. एकही चूक नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

९ मार्च, शुक्रवार

नातीबद्दल लिहायचं टाळते आहे किती दिवस. लिहिते.

अनुश्री पाच वर्षांची होईल. दिवाळीपासून अडते आहे. आधी वाटलं लाडात येऊन करते. पण मी ओळखते ना! डोळे एका बाजूला जातात, हनुवटी पुढे येते, श्वास वरच्या वर थांबतो. "अ — अ — अ —" स्वतःच्या नावात. माझंच सगळं घेतलं पोरीने.

आज जेवताना पराग ओरडला तिच्यावर. माझा मुलगा वाईट नाही, दिवसभर भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रकवाल्यांशी डोकं फोडून येतो. "नीट बोल ना! नाटक काहून करतेस?" सूनबाई रडकुंडीला आली, "मम्मीजी, हमारे मायके में तो किसी को नहीं है ऐसा." पराग लगेच — "आमच्यातही कोणी नाही!"

आणि माझ्याकडे पाहिलं. साक्षीसाठी.

मी वरण वाढलं.

१० मार्च

वरण वाढलं! शरम वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

१४ मार्च, बुधवार

चौबे कॉलनीतल्या शाळेत अनुश्रीची मुलाखत आहे, २ एप्रिलला. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असतो म्हणे. नाव सांगा.

संध्याकाळी पराग फॉर्म घेऊन बसला. म्हणाला, "आई, आयडिया आहे. नावच बदलून टाकतो. मिनी. म वर अटकत नाही ती, मी चेक केलं. अभी छोटी है, आदत पड़ जाएगी."

पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं लिहीन. आनंद झाला! हे मलाच सुचायला हवं होतं, असं वाटलं. पोरगी सुटली.

हे दारापाशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नाव बदलून काई होत नाही. म्या एकदा बदलून पाहिलं हाय."

"किसका, बाबा?"

"होती एक पोट्टी. डोंगरगडची. नाव सोपं करून देलं तिले. तं तिनं बोलनंच सोडून देलं." आणि पुढची शेंग फोडली.

पराग हसला, त्याला काहीच कळलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. गुळाचा डबा समोर होता. काठोकाठ भरलेला. मी तो किती वेळ धरून उभी होते कोण जाणे.

१५ मार्च

यांनी बाजारातून गवार आणली.

१८ मार्च, रविवार

पराग, सूनबाई, अनुश्री लग्नाला गेले. घरात आम्ही दोघंच. दुपारची झळ, पडदे ओले करून लावलेले, खोलीत हिरवट उजेड. तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, "कधीपासून?"

"पाह्यला आलो तवापासून," हे म्हणाले. "मायनं नाव विचारलं अन् तुह्या गळ्याची शीर वर आली. तुह्या बाबानं झटकन सांगून टाकलं. माय खाली पाहून राहिली होती, पोहे खाऊन राहिली होती. म्या पाहिलं."

घरी जाऊन एकेक अक्षर स्वतः म्हणून पाहिलं म्हणे त्यांनी. कोणतं सोपं जाईल. "म ले तोंड मिटलेलंच असते. उघडलं का निघते. म्हून मंजिरी."

पस्तीस वर्षं ज्याला माझं नशीब समजत होते, तो या माणसाने बसून केलेला विचार होता! भरून आलं. आणि त्याच्याच पाठोपाठ असा संताप आला की काय सांगू.

"मग बोलला का नाहीत?"

"तूच कवातरी सांगशील म्हनून वाट पाहून राहिलो. म्या काढलं असतं तं तुले लाज वाटली असती."

"पस्तीस वर्षं! आणि ती — ती ग — ग — ग —" अडकलं. त्यांच्यासमोर, उघड्यावर, पहिल्यांदा. हे जागचे हलले नाहीत. माझ्याऐवजी शब्द बोलले नाहीत. "— ग — गवार! कोणी खात नाही ती या घरात!"

"मले बी आवडत नाही," हे म्हणाले.

मग आम्ही जे हसलो! मी रडलेही. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, वेगळं काढता आलं नाही.

१९ मार्च

ड्रॉवरमधला मसुदा आहे तिथेच आहे. फाडला नाही. भीती गेलेली नाही, उगाच शूर कशाला व्हा. खरं बोलले तर भोपाळ. खोटं बोलले तर इथेच, नातीजवळ — आणि तिच्या अडण्याची मी साक्षीदार, वरण वाढणारी.

२४ मार्च, शनिवार

आज पुन्हा चौदा नंबरवरून दिसली. लोखंडी जिन्यावर बसली होती, पाय खालच्या पायरीवर. मी खाली उभी. नाव विचारणार होते, तर तीच म्हणाली, "घ — घाई नको करू." बाजूला सरकून तिने जागा केली.

२६ मार्च, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

समितीची खोली म्हणजे पूर्वीची ऑपरेशनची खोली. छताला मोठ्या दिव्याचा गोल अजून आहे, दिवा नाही. टेबलामागे तिघं. दयाराम फाइल घेऊन माझ्या मागे. मसुदा माझ्या पर्समध्ये. मधले साहेब म्हणाले, "नाम बताइए."

ओठ मिटलेले होते. म तिथेच बसला होता, उघडलं की निघणार. मी छताकडे पाहिलं.

"ग —"

अडलं. शीर वर आल्याचं मला कळलं. "ग — ग —" डावीकडचे साहेब मदतीला आले, "मंजिरी जी न?" मी हात वर केला. थांबा. दयारामने मागून तोंड उघडलं असणार, मी वळून त्यालाही हात केला. कुठला तरी पंखा करकरत होता. नऊ वेळा ग म्हणाले मी, मोजले. मधल्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि हात बांधून वाट पाहू लागले. त्या माणसाचं भलं होवो.

"गोदावरी शालिग्राम वैरागडे. शादी के बाद मंजिरी यशवंत घाटोळे. दोनों मैं ही हूँ."

शपथेच्या कागदावर तेच लिहून सही केली. साहेब म्हणाले, "देखिए, सर्विस बुक पहले नाम की है. भोपाल लग सकता है. समझ रही हैं?"

"हव," मी म्हणाले. दयारामचा नेहमीचा होकाराचा शब्द तोंडातून निघाला. घाम कानामागून ओघळत होता आणि मला शाळेतल्या बाईंना सांगावंसं वाटत होतं — बसू का आता?

व्हरांड्यात दयारामने फाइल काखेत मारली. मग म्हणाला, "पच्चीस साल साथ बैठे हैं दीदी. मैं समझता था आप घमंडी हो."

२७ मार्च, मंगळवार

जेवताना सांगितलं. सगळ्यांना. पण पाहिलं फक्त अनुश्रीकडे. "माझं खरं नाव ग — ग — गोदावरी. मलाही असंच होतं. लहानपणापासून."

पराग घास हातात धरून. "आई, तू... कभी बताया नहीं?" त्याचा चेहरा पाहवेना. त्या दिवशी ओरडला ते आठवलं असणार त्याला. रागावला नाही माझ्यावर. रागावला असता तरी बरोबरच होतं.

अनुश्री मात्र ताटावरून उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्याला हात लावला. "आजी, फिर से क — करो ना!"

मी पुन्हा केलं. तिने बोटांनी शीर पकडली आणि खुदुखुदु हसली. माझं बालपण आठवलं, तरी हे हसणं वेगळं होतं.

सूनबाईने नंतर फॉर्मवरचं 'मिनी' खोडलं.

२ एप्रिल, सोमवार

मुलाखत. सूनबाई आणि मी बाहेरच्या बाकावर, दार उघडं. मॅडमनी नाव विचारलं. "अ — अ — अ —" सूनबाई उठायला लागली, मी तिचा हात धरला. अनुश्रीने डोळे फिरवले, हनुवटी पुढे आली. किती वेळ गेला! मग — "अनुश्री पराग घाटोळे." आणि लगेच, न विचारता, "मेरी आजी का भी अटकता है."

मॅडम बाहेर डोकावल्या. मी नमस्कार केला. लपायला खांब होता बाजूला, पण गेले नाही तिकडे.

७ एप्रिल, शनिवार

शाळेच्या यादीत अनुश्रीचं नाव आहे. शेवटून दुसरं.

१९ एप्रिल, गुरुवार

गुरुवार!

आज स्वतः दुकानात जाऊन गूळ मागितला. दुकानदाराने तोपर्यंत दोन गिऱ्हाइकं उरकली. उरकू दे. अर्धा किलो घेऊन आले. घरी दोन डबे भरलेले आहेत.

११ जून, सोमवार

आदेश आला. गोदावरी शालिग्राम वैरागडे, विवाहानंतर मंजिरी यशवंत घाटोळे — भोपाळ. पंधरा दिवसांत हजर व्हायचं.

यांनी माळ्यावरून स्वतःची पेटी काढली, मग माझी. म्हणाले, "तुमी दोघी गेल्यावर म्या इथं एकटा काय करू?" माझी पेटी पुसली आणि नावाची बाजू बाहेर करून दारात ठेवली.

अनुश्रीने पांढऱ्या अक्षरांवर बोट फिरवलं. "आजी, ये क — किसका नाम है?"

"माझं."